सव्वीस काठवटी

काठवट म्हणजे काय, हे हल्ली आमच्या सोलापुरातसुद्धा सांगावं लागतं. भाकरीचं पीठ मळायची आणि भाकरी थापायची लाकडी परात. एका अखंड ठोकळ्यातून तासून काढलेली. तिला सांधा नसतो, खिळा नसतो. एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, "मग वेळ लागत असेल." लागतो. वर्ष लागतं. त्यातलं हाताचं काम फार तर दोन दिवसांचं, बाकीचं वर्ष काठवट नुसती पडून असते. मी जे केलं ते त्या पडून राहण्यात केलं.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. गिऱ्हाईक आलं तरी "बघा, आवडलं तर सांगा" यापुढं माझी गाडी जात नाही. हे लिहायला मला सहा वर्षं लागली, आणि आता लिहितोय तेही कुणाचं भलं होईल म्हणून नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगून झालं. उपयोग झाला नाही. का झाला नाही, तेवढं लिहून ठेवतो.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. 'कारखाना' हा शब्द वडिलांचा, मी आपला तो चालवून घेतो. शेडला लागून घर, घरावर गच्ची. पाट, चौरंग, पोळपाट, लाटणी, देव्हारे, अधूनमधून एखादा झोपाळा किंवा खुर्च्यांचा जोड, असं आमचं काम. रंधा मारणं, सांधे जुळवणं, पॉलिश, हे मला येतं. काठवट येत नाही. ती आण्णांना यायची.

आण्णा वडिलांच्या वेळचे कारागीर. राहायला होटगीला, घरात कानडी, आमच्याशी मराठी. मला त्यांनी हाफचड्डीत बघितलेलं, त्यामुळं एरवी अरेतुरे करायचे. माझं काही चुकलं की मात्र "मालक" म्हणायचे. "मालक, ह्यो पाट बसायला केलाय का घसरायला?" दिवसातून तीन-चार वेळा तरी मी मालक व्हायचो. दुपारी माझी बायको त्यांना तव्यावरची भाकरी द्यायची, तिला ते सूनबाई म्हणायचे. ती त्यांच्या तोंडावर सांगायची, "आण्णा, परवाचा चौरंग डुगडुगतोय." ते लगेच उठून बघायचे. मी सांगितलं असतं तर आधी दहा मिनिटं वाद घातला असता. "ह्या घरात सरळ बोलणारी येकच हाय," असं ते माझ्यादेखत म्हणायचे, "आन ती बी दुसऱ्याच्या घरातनं आणलेली."

काठवटीचं काम दिवाळीच्या सुमारास सुरू व्हायचं. जुन्या बाभळीचं खोड आणायचं, ते उभं फाडायचं, मधला गाभा काढून टाकायचा. गाभा राहिला तर ती आज ना उद्या फाटणारच. मग आण्णा आडव्या पात्याचा वाकस घेऊन बसायचे आणि दोन पायांत ठोकळा धरून, लाकूड ओलं असतानाच, ओबडधोबड आकार काढायचे. दोन बोटं जाडी ठेवायची. दोन्ही टोकांना शेणामातीचा लेप द्यायचा आणि शेडच्या मागं, भिंतीच्या सावलीत जो खड्डा होता त्यात भुशाखाली पुरून टाकायचं. लाकडातलं पाणी टोकांतून पळायला बघतं. त्याला पळू द्यायचं नाही. हळूहळू, सगळ्या बाजूंनी सारखं जाऊ द्यायचं. पुढच्या दिवाळीला उकरायचं, मग बारीक तासून, घासून, तेल पाजून काठवट तयार.

उकरल्यावर आण्णा एकेक काठवट डाव्या हातावर तोलायचे. मग तळाला बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे. पुरत्या वाळलेल्या लाकडाचा आवाज काठाला आणि मधोमध सारखाच येतो म्हणे. मला तो फरक कधी कळला नाही. "तुला न्हाई कळायचा," ते म्हणायचे. त्यांच्या कानाचं कौतुक खोटं नव्हतं. होटगी म्हणजे रेल्वेचं गाव. अंथरुणात पडल्या पडल्या मालगाडी भरलेली गेली का रिकामी, ते सांगायचे आणि बरोबर निघायचं.

त्या वर्षी पाऊस नावालाच झाला होता. खड्ड्यात सव्वीस काठवटी होत्या, दिवाळीत पुरलेल्या. चैत्रात मला पुण्याहून एका बाईंचा फोन आला. हातानं केलेल्या वस्तूंचं त्यांचं दुकान. आमची एक काठवट त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनात बघितली होती. पंचवीस पाहिजेत म्हणाल्या, पण जून संपायच्या आत.

मी आण्णांना विचारलं.

"दिवाळीला या म्हणावं."

"दिवाळीला त्यांना नकोत. आत्ता पाहिजेत."

"मग नगं. लेकरू नवव्या म्हैन्यात हुतंय. पाचव्यात काढाय गेलं तर काय हुतंय ते सूनबाईला इचार."

मी वाद घातला नाही. वाद मला जमत नाही. मी बाहेर गेलो आणि बाईंना फोन करून हो म्हणालो.

का म्हणालो, याचं मी स्वतःला पुष्कळदा एक उत्तर दिलंय. मशीनवर कोरलेले देव्हारे बाहेरून यायला लागले होते, आमच्याकडं लोक येऊन हात फिरवून जात होते, पुण्यात नाव झालं असतं तर कारखाना जगला असता. हे खरंच होतं. पण त्याखाली आणखी एक होतं, ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या शेडमध्ये कुठलं लाकूड कधी निघणार, हे एकदा तरी मी ठरवावं, असं मला वाटत होतं. मला एकदा खरोखरचं मालक व्हायचं होतं.

वैशाखात आण्णा लेकीकडं गेले, सांगोल्याच्या बाजूला. तिचं नवं घर बांधून होत होतं, दाराखिडक्यांच्या चौकटी बापानंच बसवायच्या असा तिचा हट्ट. तीन आठवडे लागतील म्हणाले. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खड्डा उकरला आणि सव्वीसच्या सव्वीस काठवटी गच्चीवर नेल्या.

गच्चीवर बायकोनं कुरडया घातल्या होत्या, जुन्या साड्या पसरून. एका कोपऱ्यात पापडांचं प्लॅस्टिक. मी काठवटी घेऊन जिन्यातून चार-पाच खेपा केल्या तेव्हा ती वर आली.

"ह्या कशाला वर?"

"जरा ऊन देतो."

"आण्णांनी सांगितलंय?"

"हो."

ती मग म्हणाली, "आण्णा तर सांगोल्याला आहेत की."

मी पुढची काठवट उतरवली. ती वाकली, कुरडयांची एक साडी दोन्ही हातांनी धरून तिकडं ओढली, आणि मला जागा करून दिली.

सोलापूरचं वैशाखातलं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. अनवाणी पाय टेकवत नव्हता. काठवटी मी अठरा दिवस तिथं ठेवल्या, रोज दुपारी त्यांची बाजू पालटत होतो. टोकांचा लेप चौथ्या दिवशीच पापुद्रे सुटून पडला. पण भेग नव्हती. एकीलाही नव्हती. हातात घेतल्या की हलक्या लागत होत्या, आणि मला वाटलं, आण्णांची पद्धत म्हणजे जुन्या माणसांचा नुसता हेका.

नंतर कळलं ते असं, की कडक उन्हात लाकूड वरून वाळून घट्ट होतं आणि आतलं पाणी आतच कोंडतं. जाडी आहे तोवर ते धरून ठेवतं. तासून पातळ केलं की सोडतं. आण्णांना हे असं समजावून सांगता आलं नसतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की असं करायचं नसतं.

आण्णा यायच्या दोन दिवस आधी मी काठवटी खाली आणल्या. शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं, माती मिसळली, टोकांना पुन्हा लेप दिला. खड्ड्यात रचल्या, वर भुसा घातला. उकरल्याचं कळू नये म्हणून शेडमधली धूळ सुपानं त्यावर झटकली. हे सगळं मी दिवसाउजेडी, शांतपणे केलं. तेवढं तरी लिहायला पाहिजे.

आण्णा आले, चौकटी कशा झाल्या ते सांगून झालं, दुपारची भाकरी झाली. मग मी म्हणालो, "आण्णा, यंदा हवा लई कोरडी होती. एखादी काढून बघा की. वाळलीही असेल."

"सा म्हैन्यात?"

"बघायला काय जातंय?"

त्यांनी एक काढली. धूळ झटकली, हातावर तोलली. त्यांच्या भुवया वर गेल्या. "हलकी लागती की रं," म्हणाले. मग टकटक केलं, कान लावला. पुन्हा केलं. दुसरी काढली, तिसरी काढली.

"काठाला बोलती," ते म्हणाले. "मदी बोलत न्हाई."

"आण्णा, आता तुमचे कान दाखवून आणायला पाहिजेत," मी म्हणालो. "परवा गिऱ्हाईक दारात उभं राहून हाका मारत होतं, तुम्हाला पत्ता नाही."

गिऱ्हाईक हाका मारत होतं हे खरं होतं. फक्त त्या वेळी शेडमध्ये कटर चालू होता. ते मी गाळलं. पॉलिशचं काम करणारा आमचा माणूस हसला. आण्णाही हसले. "व्हय, म्हातारं झालो," म्हणाले, "आता सूनबाईची भाकरी तेवडी ऐकू येती."

आणि त्यांनी त्या काठवटी तासायला घेतल्या. मी त्याबद्दल पुष्कळ विचार केलाय. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, असं नव्हे. त्यांनी खड्ड्यावर विश्वास ठेवला. सावलीतल्या भुशातून निघालेली काठवट हातावर हलकी लागली, म्हणजे ती वाळलीच, दुसरं काही असूच शकत नाही. तो खड्डा त्यांनी स्वतः खणला होता.

महिनाभरात सव्वीस झाल्या. इतक्या देखण्या काठवटी त्यांनी त्याआधी केल्या नव्हत्या. काठ बोटभर, तळ भाकरी हळूच सुटावी असा, वर तेलाचा काळसर तांबूस रंग. पंचवीस पुण्याला गेल्या. एक सूनबाईला, असं आण्णा म्हणाले आणि ती आमच्या स्वयंपाकघरात आली.

आमचीच पहिली फाटली. एका सकाळी तळाला केसासारखी रेघ दिसली. बायकोनं ती मला दाखवली, धुतली, पुसली आणि माळ्यावर ठेवून दिली. आठवड्याभरात पुण्याहून फोटो यायला लागले. एक, मग तीन, मग एकदम बरेच. सगळ्यांचं दुखणं एकच, तळ मधोमध फाटलेला.

बाईंचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात फेविकॉलमध्ये होते, म्हणून मी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. आण्णा दहा पावलांवर पोळपाटाला पॉलिशपेपर मारत होते.

"तुम्ही वर्षभर वाळवता म्हणाला होतात," बाई म्हणाल्या.

"वाळवलेल्याच आहेत, मॅडम."

"मग असं सगळ्यांचंच कसं?"

मी आण्णांकडं बघितलं नाही. म्हणालो, "आमचे कारागीर वयस्कर आहेत. तळ पातळ झाला असेल. हात चुकला त्यांचा."

बाई चांगल्या होत्या. "अहो, मग त्यांना काही बोलू नका," म्हणाल्या.

पॉलिशपेपरचा आवाज थोडा वेळ चालू राहिला. मग थांबला.

काठवटी परत आल्या त्या दिवशी आण्णांनी त्या शेडमध्ये जमिनीवर ओळीनं मांडल्या. एकेकीच्या भेगेवरून नख फिरवलं. तळाची जाडी चिमटीत धरून बघितली. पुष्कळ वेळ गेला. मी रंधा घेऊन उगाच एक फळी घासत होतो.

"तळ पातळ न्हाई," ते शेवटी म्हणाले. "आतनं वली हुती. कान म्हनत हुता वली हाय. हात म्हनला वाळली. मी हाताचं ऐकलं." मग माझ्याकडं वळून विचारलं, "खड्ड्यात पानी गेलतं का?"

"नाही."

"मी नसताना कुनी हलवल्या हुत्या का?"

बायको तेवढ्यात चहाचे पेले घेऊन दारात आली होती. तिनं प्रश्न ऐकला.

"नाही," मी म्हणालो.

आण्णांनी तिच्याकडं बघितलं. विचारलं काहीच नाही, नुसतं बघितलं. ती म्हणाली, "चहा घ्या आण्णा. गार होतोय."

त्यांनी पेला घेतला. चहा संपवला. मग म्हणाले, "भुशातली सा म्हैन्याची काटवट हलकी लागंलच कशी? न्हाई लागनार. आन मला लागली. म्हंजे हातच गेला माजा."

नंतरचे पंधरा दिवस मला विसरता येत नाहीत. ते कामाला येत होते. दोन लाटणी दोन हातांत घेऊन मला विचारायचे, "ह्यातलं जड कुटलं?" मी सांगायचो, उजव्या हातातलं. ते म्हणायचे, "मला बी तसंच वाटलं. पर वाटून काय उपेग?" पाटाच्या कडेवरून दहा वेळा बोट फिरवायचे आणि पॉलिशवाल्याला बोलवून म्हणायचे, "तू बग रं, गुळगुळीत हाय का." तो म्हणायचा, आहे की आण्णा, आरशासारखा आहे. ते ऐकून घ्यायचे. त्या दिवसांत मला मालक म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. माझ्यात चूक काढायची तर आपलं बरोबर असल्याची खात्री लागते ना.

आषाढात एका दुपारी हातातलं अर्धं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाले, "साकु." पुरे. कानडीत तसं म्हणतात. वाकस पोत्यात गुंडाळला, सूनबाईला "येतो" म्हणाले, आणि गेले. मी शेडच्या दारापर्यंत गेलो. थांबा म्हणालो असेन. मोठ्यानं म्हणालो नाही.

त्यानंतर आमच्याकडं काठवट झाली नाही. खड्डा आहे, त्यात आता आम्ही भंगार टाकतो. मशीनचे देव्हारे मीच बाहेरून आणतो, त्यांना आमचं पॉलिश मारतो आणि विकतो. पाटीवर अजून 'हातकाम' असंच लिहिलंय. बायकोनं पुढच्या उन्हाळ्यापासून गच्चीवर कुरडया घातल्या नाहीत, विकत आणते. का, ते मी विचारलं नाही. सहा वर्षं आम्ही दोघं त्या गोष्टीबद्दल बोललो नाही, एकदाही नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

आण्णांची खबर कधीमधी कळायची. घरी असतात. दोन शेळ्या आहेत. एवढंच. मग गेल्या थंडीत होटगीचा एक रेल्वेतला माणूस चौरंग न्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्याकडं होते ते आण्णा, काय झालंय हो त्यांना? रूळ ओलांडायचा तर कुणीतरी येईपर्यंत उभे राहतात. गाडी येतीय का बघ म्हणतात. समोर दोन्हीकडं मैलभर मोकळं दिसतंय. मी म्हटलं, दिसत नाही का? तर म्हणाले, दिसतंय, ऐकू बी येतंय, पर माजं काय खरं न्हाई."

चौरंग बांधून दिला.

त्या रविवारी मी होटगीला गेलो. निघताना बायको म्हणाली, "मी येऊ?" कुठं चाललोय ते मी सांगितलं नव्हतं, तिला कळलं होतं. मी "नको" म्हणालो.

आण्णा अंगणात बसले होते. आधीच बारीक, आता निम्मे झालेले. मला बघून खरंच आनंदले. त्यांची सून पाणी घेऊन आली. कोपऱ्यात वाकस पडला होता. ती त्यानं शेळ्यांसाठी डहाळे तोडायची, पात्याला दात पडले होते. ते मी बघतोय हे आण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "आसूदे. कामाला येतंय."

सून आत गेली आणि मी सांगून टाकलं. एका दमात. गच्ची, अठरा दिवस, शेण, धूळ, कान दाखवा म्हणालो ते, फोनवर बोललो ते. कुठं थांबलो असतो तर पुढं जाता आलं नसतं. "तुमचा हात चुकला नव्हता, आण्णा. हलकी लागत होती कारण ती हलकी झालीच होती. वरून. कान पण बरोबर होता तुमचा. दोन्ही बरोबर होते. मीच खोटा."

ते ऐकत होते. मधे एकदा शेळीला हाड् म्हणाले. माझं संपल्यावर हसले. दात नसलेलं, मायेचं हसू.

"तुज्या बापाचा सोबाव हाय तुज्यात," म्हणाले. "त्यो बी असाच. दुसऱ्याचं वझं आपल्या डोक्यावर घ्यायचा."

"आण्णा, खरं सांगतोय मी."

"शेण लावलं, धूळ टाकली. लई जुळवलंस की रं. सा वर्सं लागली व्हय जुळवायला?"

"देवाशपथ आण्णा."

"देवाला कशाला मदी आनतो?" त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे बग. मी त्या दिशी तुला इचारलं, तवा सूनबाई दारात हुती. तू एक येळ खोटं बोलशील, मला ठाव हाय, ल्हानपनापास्नं बगतोय. पर ती न्हाई बोलायची. गच्चीवर काटवटी असत्या तर तिनं तितंच सांगितलं असतं, आण्णा, ह्यानं काय केलं बगा. ती गप बसली. म्हंजे काय न्हवतंच सांगन्यासारकं."

फोन माझ्या खिशात होता. तिचा नंबर दाबायचा आणि आण्णांच्या हातात द्यायचा, एवढंच काम होतं. ती नक्की बोलली असती. खोटं तिला त्या दिवशीही बोलता आलं नव्हतं. ती फक्त चहा घ्या म्हणाली होती. मी खिशात हात घातला. फोनला हात लागला सुद्धा. आणि मला दिसलं, की आण्णांकडं आता एवढंच एक पक्कं उरलंय. स्वतःचा हात नाही, कान नाही. सूनबाई सरळ बोलते, एवढंच.

असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तेही मी जुळवलं असेल. भ्यालो असेन नुसता.

आण्णांच्या सुनेनं चहा आणला. आण्णा तिला कानडीत काहीतरी म्हणाले, मग मला कळावं म्हणून मराठीत: "बग, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून आपल्या अंगावर घ्यायला आलाय. अशी मानसं न्हाईत आता." ती माझ्याकडं बघून हसली. मला तो चहा प्यावा लागला.

रस्त्यापर्यंत ते सोडायला आले, माझा दंड धरून. म्हणाले, "पुन्यांदा असं खोटं कुनाला सांगू नगस. मानूस इस्वास ठिवतंय."

मी "बरं" म्हणालो.

घरी आलो तेव्हा बायको गव्हातले खडे निवडत होती. मी समोर बसलो. "सांगितलं," म्हणालो.

"काय म्हणाले?"

"खोटं बोलतोस म्हणाले."

ताटातला तिचा हात थांबला. "मग मला फोन का नाही लावलात?"

तेव्हा मी तेही सांगितलं. आण्णा काय म्हणाले ते शब्दाला शब्द. सूनबाई बोलली असती, ती गप बसली म्हणजे काही नव्हतंच. सांगायला नको होतं, असं वाटलं नाही. एकट्यानं धरून ठेवायचा कंटाळा आला होता मला. तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "येत्या रविवारी मी जाते."

येत्या रविवारी तिच्या माहेरची माणसं आली. त्याच्या पुढच्या रविवारी तिचा गुडघा धरला होता. नंतर मी मोजायचं सोडलं. होटगी काही लांब नाही. गाडीवर अर्धा-पाऊण तास. मी "चल" म्हटलं तर ती पदर खोचून निघेल. मी म्हणत नाही. ती गेली आणि आण्णांनी तिचं ऐकलं, तर त्यांना त्यांचा हात परत मिळेल आणि सूनबाई जाईल. तिनं कुरडयांची साडी ओढून मला जागा करून दिली होती, हे तिला त्यांच्या तोंडावर सांगावं लागेल. ते तिला जमेल का, हे मी तिला विचारत नाही, आणि आपण कधी जायचं, हे ती मला विचारत नाही.

आण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. परवा होटगीचं कुणीतरी शेडवर आलं आणि आण्णांचं नाव निघालं, तेव्हा बायको आतून लगबगीनं दारात आली. काही बरंवाईट झालं का, असं तिनं विचारलं. नाही, बरे आहेत, म्हणाला तो माणूस. ती आत गेली. मीही पुन्हा कामाला लागलो. आम्ही दोघं कशाची वाट बघत आहोत, ते मला त्या वेळी कळलं. तिलाही कळलं असणार.